उतरायला नव्हे, पुन्हा उडायला जागा हवी

निवडणुकीच्या दिवसांत तालुक्याच्या गावी शाळेचं मैदान सकाळीच जागं होतं. सार्वजनिक बांधकाम विभागाची माणसं फक्कीने मोठं वर्तुळ आखतात, त्याच्या मधोमध ठळक ‘एच’ काढतात. टँकर येऊन माती भिजवून जातो. बांबूला वाऱ्याची दिशा दाखवणारं कापड बांधलं जातं, कडेला अग्निशमन बंब आणि रुग्णवाहिका उभी राहते. कुंपणाच्या भिंतीवर पोरं केव्हाच चढलेली असतात. गर्दीतला कोणीतरी हमखास म्हणतो, “एवढा खटाटोप कशाला? हेलिकॉप्टरच ना ते, कुठेही उतरेल!”

हेलिकॉप्टरला धावपट्टी लागत नाही, हे खरंच. म्हणून तर ते तेलविहिरीच्या फलाटावर, हिमनदीवर, रुग्णालयाच्या गच्चीवर आणि साखर कारखान्याच्या आवारात उतरतं. पण धावपट्टी लागत नाही म्हणजे जागा पारखावी लागत नाही, असं नव्हे. विमानतळावर ही पारख आधीच कोणीतरी करून ठेवलेली असते. विमानतळाबाहेर ती दरवेळी नव्याने करावी लागते. या बाबतीतले काही गैरसमज दूर व्हायलाच हवेत, कारण त्यांची किंमत कधीकधी जिवाने मोजावी लागते.

गैरसमज १ : हेलिकॉप्टर कुठेही उतरू शकतं

वस्तुस्थिती : ते पुष्कळ ठिकाणी उतरू शकतं, पण प्रत्येक ठिकाणी अटी वेगळ्या असतात.

‘कुठेही’ म्हणणारे एव्हरेस्टचं उदाहरण देतात. १४ मे २००५ रोजी दिदिए देल्साल या फ्रेंच वैमानिकाने युरोकॉप्टरचं एएस-३५० बी-३ हे हेलिकॉप्टर एव्हरेस्टच्या माथ्यावर टेकवलं आणि ३ मिनिटं ५० सेकंद तिथे ठेवलं. पण त्यामागची तयारी पाहा. प्रवाशांची आसनं आणि इतर अनावश्यक सामान काढून हेलिकॉप्टरचं वजन सुमारे १२० किलोंनी कमी केलं होतं. हवामान अनुकूल होण्याची वाट पाहिली होती. माथ्यावर इंजिन क्षणभरही बंद केलं नव्हतं. त्या पराक्रमाने जगाला दाखवलं ते हेच, की अवघड जागी उतरायचं तर आधी वजन, वारा आणि वेळ यांचा हिशेब चोख जुळावा लागतो.

अनोळखी जागी उतरण्यापूर्वी वैमानिक वरून घिरट्या घालतो, तेव्हा तो हाच हिशेब करत असतो. जागा केवढी आहे, उतार किती आहे, जमीन टणक आहे की भुसभुशीत, भोवती काय उभं आहे, वारा कुठून येतोय, ऊन डोळ्यांवर येणार का? आणि सगळ्यांत महत्त्वाचं : इथून पुन्हा निघता येईल का?

गैरसमज २ : हेलिकॉप्टर सरळ खाली येतं आणि सरळ वर जातं, म्हणून अंगणाएवढी जागा पुरते

वस्तुस्थिती : सरळ उभं उतरणं शक्य असलं, तरी वैमानिक ते शक्यतो टाळतो.

पंख्याने खाली ढकललेल्या हवेवर हेलिकॉप्टर तरंगत असतं. पुढे जाण्याचा वेग जवळपास नसताना ते झपाट्याने खाली येऊ लागलं, तर आपणच ढकललेल्या हवेत सापडतं. ती हवा पात्यांच्या टोकांभोवती भोवऱ्यासारखी फिरत राहते. मग वैमानिकाने शक्ती वाढवली तरी यंत्र सावरण्याऐवजी आणखी वेगाने खाली जाऊ शकतं. म्हणून वाऱ्याला सामोरं होत, तिरक्या वाटेने आणि वेग हळूहळू कमी करत उतरणं हाच शहाणपणाचा मार्ग. निघतानाही जमिनीपासून थोडं उचलून, पुढे वेग घेत उंची गाठली जाते. पुढे सरकणाऱ्या पंख्याला ताजी हवा मिळते आणि तेवढीच शक्ती जास्त काम करते.

म्हणजेच फक्कीच्या वर्तुळाइतकीच त्याच्यापर्यंत येणारी आणि तिथून जाणारी मोकळी वाट महत्त्वाची असते. वर्तुळाचंही गणित असतं. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार उतरण्या-उडण्याचं क्षेत्र साधारणपणे हेलिकॉप्टरच्या सर्वांत मोठ्या मापाच्या दीडपट असावं लागतं. एडब्ल्यू १३९ हे हेलिकॉप्टर फिरत्या पंख्यासह सुमारे १६.७ मीटर लांब आहे. त्याला २५ मीटर रुंदीची जागा हवी, आणि तिच्याभोवती सुरक्षेचा पट्टा वेगळा. ‘एच’सुद्धा मनाला येईल तसा काढायचा नसतो. प्रमाणित ‘एच’ ३ मीटर उंच आणि १.८ मीटर रुंद असतो. त्याची मधली आडवी रेघ उतरण्याच्या मुख्य दिशेला काटकोनात ठेवतात, म्हणजे वैमानिकाला यायची वाट वरूनच कळते.

गैरसमज ३ : मैदान रिकामं आहे, म्हणजे सुरक्षित आहे

वस्तुस्थिती : धोका बहुतेक वेळा मैदानात नसतो, तो मैदानाच्या कडेला आणि मातीत असतो.

विजेची तार खालून पाहणाऱ्याला आकाशाच्या पार्श्वभूमीवर स्पष्ट दिसते. वरून पाहणाऱ्याला तीच तार तपकिरी रानात विरघळून गेल्यासारखी वाटते. म्हणून वैमानिक आधी खांब शोधतात आणि दोन खांबांमध्ये तार असणारच, असं धरून चालतात. २५ मे २०१७ रोजी लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याहून तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना घेऊन निघालेलं हेलिकॉप्टर उड्डाणानंतर काही क्षणांतच विजेच्या तारांमध्ये अडकून कोसळलं. सुदैवाने सगळे बचावले. उतरताना त्याच मैदानाने काही त्रास दिला नव्हता. अपघात झाला तो निघताना. हेलिकॉप्टर उतरलं म्हणून जागा चांगली ठरत नाही. तिथून ते सुखरूप निघालं, तरच जागा चांगली म्हणायची.

दुसरा धोका धुळीचा. कोरड्या मैदानावर पंख्याच्या वाऱ्याने एवढी माती उठते की, शेवटच्या काही मीटरांत वैमानिकाला जमीनच दिसेनाशी होते. आपण खाली जातोय की बाजूला सरकतोय, हेही कळत नाही. टँकरने पाणी मारतात ते त्यासाठी. पाहुण्यांचे कपडे मळू नयेत म्हणून नव्हे. तोच वारा सैल पत्रे, प्लास्टिकचे कागद, मंडपाचं कापड आणि कडबा उचलून पंख्यात ओढू शकतो. मैदानालगतच्या घराचा एक सैल पत्राही अनर्थ घडवू शकतो.

गैरसमज ४ : काल उतरलं होतं, म्हणजे आजही उतरेल

वस्तुस्थिती : जागा तीच असली तरी हवा रोज वेगळी असते.

हवा जितकी विरळ, तितकी पंख्याची उचल कमी आणि इंजिनाची ताकदही कमी. उंचीवर हवा विरळ असते हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण उष्णतेनेही ती विरळ होते याकडे लक्ष जात नाही. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात तिथे पारा ४५ अंशांवर गेला की, हेलिकॉप्टरच्या दृष्टीने तिथली हवा प्रमाण हवामानातल्या जवळजवळ दीड हजार मीटर उंचीवरच्या हवेसारखी होते. जे यंत्र सकाळी सात वाजता पाच माणसांना घेऊन सहज उडतं, त्यालाच दुपारी दोन वाजता एकदोघांना खाली ठेवावं लागू शकतं. “एकच माणूस जास्त आहे, बसू द्या की” हा आग्रह म्हणूनच घातक. वैमानिक नाही म्हणतो, त्यामागे आकडेमोड असते.

हिमालयात हे गणित आणखी कठोर होतं. केदारनाथ साडेतीन हजार मीटरांहून उंच आहे, आणि तिथली दरी पाहता पाहता ढगांनी भरते. १८ ऑक्टोबर २०२२ रोजी केदारनाथहून यात्रेकरूंना घेऊन निघालेलं हेलिकॉप्टर गरुडचट्टीजवळ खराब हवामानात कोसळलं. वैमानिकासह सातही जण मृत्युमुखी पडले. दिवसभर ये-जा असणाऱ्या हेलिपॅडवरूनच ते उडालं होतं.

गैरसमज ५ : सपाट गच्ची म्हणजे आयतं हेलिपॅड

वस्तुस्थिती : नेहमीची गच्ची माणसांसाठी आणि पाण्याच्या टाकीसाठी बांधलेली असते, हेलिकॉप्टरसाठी नव्हे.

आपल्याकडे वावरण्याच्या गच्चीचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला दीडशे किलोच्या आसपास भार धरून आखतात. मध्यम आकाराचं हेलिकॉप्टर सहा-सात टनांचं असतं आणि तो सगळा भार दोन-तीन चाकांवर येतो. त्यातून ते आपटून उतरलं, तर क्षणभर पडणारा भार वजनाच्या कितीतरी पट असतो. म्हणून गच्चीवरचं हेलिपॅड मुळातच त्या हिशेबाने बांधावं लागतं. त्यावर लिहिलेले आकडे हेच सांगतात, की किती टनांपर्यंतचं आणि किती मीटर मापाचं हेलिकॉप्टर इथे चालेल. ‘एच’ दिसला म्हणून कोणतंही हेलिकॉप्टर तिथे उतरू शकत नाही. पांढऱ्या फुलीवर लाल ‘एच’ असेल, तर ते रुग्णालयाचं हेलिपॅड असतं.

केरळच्या २०१८ च्या महापुरात नौदलाच्या सी किंग हेलिकॉप्टरने चालकुडी भागात एका घराच्या गच्चीवर चाकं टेकवून २६ जणांना वाचवलं. पण वैमानिकाने यंत्राचा भार गच्चीवर टाकलाच नाही. चाकं जेमतेम टेकलेली ठेवून त्याने ते पंख्याच्या बळावर तोलून धरलं होतं. हे कौशल्य अपवादात्मक, आणि तो प्रसंगही.

बांधीव हेलिपॅडवरही चूक महागात पडते. न्यूयॉर्कच्या पॅन ॲम इमारतीच्या छतावर १६ मे १९७७ रोजी प्रवासी चढत असताना थांबलेल्या हेलिकॉप्टरचा चाकांचा आधार तुटला आणि ते कलंडलं. फिरत्या पात्यांनी छतावर चार जणांचा बळी घेतला. तुटून उडालेल्या पात्याने खाली रस्त्यावर एकाचा जीव गेला. ते छत त्यानंतर हेलिकॉप्टरसाठी कायमचं बंद झालं.

गैरसमज ६ : इंजिन बंद पडलं की हेलिकॉप्टर दगडासारखं पडतं

वस्तुस्थिती : पुरेशी उंची किंवा वेग हाताशी असेल, तर इंजिनाशिवायही उतरता येतं.

पंख असलेलं बी झाडावरून गरगरत अलगद खाली येतं, तेच तत्त्व इथे लागू पडतं. इंजिन थांबताच वैमानिक पात्यांचा कोन कमी करतो. खालून येणारी हवा पंखा फिरता ठेवते आणि जमिनीजवळ त्याच फिरण्याची साठलेली शक्ती वापरून वेग मोडता येतो. २१ जून १९७२ रोजी फ्रान्समध्ये झाँ बुले या वैमानिकाने लामा हेलिकॉप्टर १२,४४२ मीटर उंचीवर नेऊन विक्रम केला. तिथे त्याचं इंजिन विझलं. तरीही तो सगळी उंची इंजिनाशिवाय उतरून सुखरूप जमिनीवर आला. याच लामाचा भारतात बांधलेला अवतार म्हणजे ‘चीता’. सियाचिनच्या ठाण्यांवर रसद पोहोचवणारं आणि जखमींना खाली आणणारं हेच ते यंत्र.

मात्र उंची कमी आणि वेगही कमी, अशा वेळी इंजिन गेलं तर सावरायला अवधी मिळत नाही. चारी बाजूंनी झाडं किंवा इमारती असलेल्या जागेतून सरळ वर उठताना हेलिकॉप्टर नेमकं याच अवस्थेतून जातं. मोकळ्या वाटेचा आग्रह असतो तो म्हणूनच.

गैरसमज ७ : जमीन माझी, मग परवानगी कशाची?

वस्तुस्थिती : जमीन मालकाची असली तरी आकाश सामायिक आहे.

तात्पुरत्या हेलिपॅडसाठी जागामालकाची संमती ही फक्त सुरुवात. स्थानिक प्रशासनाची परवानगी, उड्डाणाचा आराखडा, हवाई संरक्षणाची मंजुरी हे सगळं पुढे असतं. इतर देशांतही मोकळीक अमर्याद नाही. स्वित्झर्लंडसारख्या डोंगराळ देशात १,१०० मीटरच्या वर पर्यटनासाठी फक्त ठरवून दिलेल्या जागीच उतरता येतं.

आणि काही जागी नियमापलीकडचं भान लागतं. डिसेंबर २०२१ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद रायगडावर येणार होते. होळीच्या माळावर हेलिकॉप्टर उतरलं तर महाराजांच्या पुतळ्यावर धूळ उडेल, म्हणून शिवप्रेमींनी विरोध केला. राष्ट्रपती रज्जुमार्गाने गडावर गेले. उतरणं शक्य आहे आणि उतरणं योग्य आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दिवशी रायगडाने दाखवलं.

गैरसमज ८ : पंखा डोक्यावर असतो, वाकून गेलं की झालं

वस्तुस्थिती : शेपटीचा पंखा त्याहून घातक, कारण तो माणसाच्या उंचीवर फिरतो आणि वेगामुळे दिसतच नाही.

वैमानिकाने खूण केल्याशिवाय जवळ जाऊ नये. जायचं ते त्याला दिसेल अशा बाजूने, समोरून. मागून कधीच नाही. जमीन उताराची असेल तर खालच्या बाजूने जावं, कारण चढाच्या बाजूला पात्यं जमिनीच्या जवळ येतात. टोपी, उपरणं, मोबाइल घट्ट धरावा आणि उडालेल्या वस्तूमागे धावू नये.

पुन्हा त्या शाळेच्या मैदानाकडे येऊ. अक्षांश-रेखांश कागदावर लिहून जातात, नकाशाही जातो. पण गेल्या महिन्यात विहिरीच्या मोटारीसाठी बांधावरून नवी तार ओढली, हे नकाशाला माहीत नसतं. दुपारी वारा टेकडीकडून फिरतो, हे कागदाला माहीत नसतं. ते ठाऊक असतं शाळेच्या शिपायाला, शेजारच्या शेतकऱ्याला, भिंतीवर बसलेल्या त्या पोरांना. जागा पाहायला माणसं येतील, तेव्हा गप्प न राहता त्यांना हात धरून त्या तारेखाली न्यावं. पाहुणा सुखरूप यावा याची काळजी सगळेच घेतात. तो सुखरूप निघावा, यासाठी गावाला एवढं नक्की करता येतं.