इतिहाससाधनांचा ग्रंथालयीन शोध

इतिहाससंशोधनास लागणारी मूळ साधने ग्रंथालयातील छापील ग्रंथांच्या आधारे हुडकून काढण्याची पद्धती. अभ्यासविषय असलेल्या काळातच निर्माण झालेली पत्रे, हिशेब, सरकारी कागद, वृत्तपत्रे इ. मूळ साधने होत. त्यांवरून पुढे लिहिलेले ग्रंथ दुय्यम ठरतात. तथापि शोधाचा प्रारंभ बहुधा दुय्यम ग्रंथांच्या तळटीपांपासूनच होतो.

रत्नागिरी जिल्ह्याचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. जिल्ह्याच्या सर्वसाधारण माहितीसाठी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड (१८८०) प्रथम पाहतात. शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये राजापूरवर केलेल्या स्वारीसंबंधी तेथील इंग्रज वखारीचा पत्रव्यवहार इंग्लिश रेकॉर्ड्‌स ऑन शिवाजी (१९३१) या संग्रहात मिळतो. पेशवेकालासाठी गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेले पेशवे दप्तराचे ४५ खंड (१९३०–३४) उपयुक्त असून अप्रकाशित कागद पुणे येथील पुराभिलेखागारात आहेत. हे कागद बव्हंशी मोडी लिपीत असल्याने ती लिपी अवगत असावी लागते. त्यांतील सुहूर सन व तिथी यांचा मेळ जंत्रीवरून घालतात. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थीबा याच्या रत्नागिरीतील स्थानबद्धतेविषयीच्या (१८८६–१९१६) ग्रंथांच्या तळटीपांत खाते, वर्ष व धारिका-क्रमांक दिलेले असतात. त्यांवरून मुंबई वा दिल्ली येथील अभिलेखागारात मूळ कागद मागविता येतो.

साधन मूळ असले, तरी ते निःपक्षपाती असतेच असे नाही. थीबाविषयीच्या सरकारी धारिकांत त्याची गाऱ्हाणी आढळतात, ती अधिकाऱ्यांच्या शेऱ्यांसह. खोतांच्या घरच्या दप्तरांत गावचा वसूल तपशीलवार सापडतो; परंतु तो देणाऱ्या कुळांचे म्हणणे त्यांत क्वचितच उमटते. ते अर्ज, जबान्या व न्यायनिवाडे यांतून शोधावे लागते. भी. रा. आंबेडकर यांनी १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत खोतीविरोधी विधेयक मांडले आणि १९४९ च्या कायद्याने खोती रद्द झाली. या प्रश्नाच्या अभ्यासात खोतांच्या दप्तरांबरोबरच विधिमंडळाची छापील कार्यवृत्तेही पाहणे आवश्यक ठरते.

स्थानिक वृत्तपत्रांच्या जुन्या अंकांसाठी १८२८ मध्ये स्थापन झालेल्या रत्नागिरीच्या नगर वाचनालयासारख्या जुन्या संस्थांत चौकशी करणे इष्ट असते. कोकणातील दमट हवा, वाळवी व कसर यांमुळे खाजगी दप्तरे लवकर नष्ट होतात. म्हणून कागद मूळ जुडग्यातून न विस्कटता त्याची नक्कल घेणे आणि नकलेवर मालकाचे नाव, स्थळ, रुमाल व क्रमांक नोंदविणे अगत्याचे असते. अशा नोंदीअभावी पुढील अभ्यासकास त्या पुराव्याची पडताळणी करता येत नाही.