मृगाच्या तोंडावर आपल्याकडची सफरचंदे

सफरचंद म्हणजे काश्मीरचे, दसरा-दिवाळीचे आणि लालभडकच, अशी आपली पक्की समजूत. म्हणून गेल्या जूनमध्ये ओळखीच्या शेतकऱ्याकडची लहानखुरी, पिवळट सफरचंदे घरी आणली तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, ही तर कच्चीच दिली तुम्हाला!" आईने मात्र एक फोड तोंडात टाकली आणि माहेरच्या कानडीत म्हणाली, "सेबु चन्नागिदे!" ताटली रिकामी व्हायला वेळ लागला नाही.

आपल्या भागाला सफरचंद आता नवखे नाही. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातले केरामेरी मंडळातील धनोरा गाव २०१६ पासून आसिफाबाद जिल्ह्यात गेले. तिथल्या एका शेतकऱ्याने हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या मदतीने बाग लावली. २ जून २०२० रोजी, तेलंगण स्थापनादिनी, त्या बागेतली फळे मुख्यमंत्र्यांच्या हाती पोचली.

हे घडले कसे? पहाडी जातींना फुलण्याआधी सात अंशांखालची थंडी हजारेक तास लागते. कमी थंडीच्या जातींचे त्याच्या निम्म्याहूनही कमी तासांत भागते. आपल्याकडचा कडक हिवाळा त्यांना मानवतो.

या जातींची गंमत निरनिराळी. इस्रायलची 'अन्ना' लांबट, लालसर झाक असलेली, करकरीत आणि आंबटगोड. बहामा बेटांवरची 'डोर्सेट गोल्डन' पिवळी नि गोड. दोन्ही जवळजवळ लावल्या की परागीभवन चांगले होते. 'एचआरएमएन-९९' ही हिमाचलच्या हरिमन शर्मा या शेतकऱ्याची देणगी. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिची फळे पिवळ्यावर लाल रेघांची, रसाळ.

जूनमध्ये बाजारात दिसणारी चकचकीत सफरचंदे बहुधा शीतगृहातली किंवा परदेशी असतात. आपली ताजी असूनही मागे पडतात, कारण गिऱ्हाईक रंग पाहते. ही फळे फार दिवस टिकत नाहीत. आठवडाभरात खपली नाहीत तर शेतकऱ्याची मेहनत मातीमोल होते. एक-दोन वर्षे असेच झाले, तर तो झाडे उपटून पुन्हा कापूस लावील. त्याला दोष कोण देणार?

तेव्हा यंदा मृग लागला की रंग न पाहता किलोभर घ्याच. गोड फळे तशीच खावीत, आंबटांची कोशिंबीर किंवा गूळ-मोहरी घालून गोज्जू करावा. चव मुलांनी ठरवावी!