हाड निर्जंतुक करताना काय हरवतं?

दात्याचं हाड रुग्णाला बसवण्याआधी जंतू मारायलाच हवेत. प्रश्न आहे कसे, हा. हाडात नवं हाड घडवायला पेशींना चालना देणारी प्रथिनं असतात. अमेरिकी अस्थिशल्यविशारद मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये हा गुण दाखवून दिला. ऑटोक्लेव्हच्या वाफेत जंतूंबरोबर ही प्रथिनंही निकामी होतात. उरतो नुसता सांगाडा.

गॅमा किरण त्यामानाने सौम्य. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये १९८८ साली सुरू झालेली ऊतीपेढी तेच वापरते. नेहमीची मात्रा २५ किलोग्रे. ती वाढली की कोलॅजनचे धागे तुटतात, हाड ठिसूळ होतं. हाडातल्या पाण्यापासून तयार होणारी मुक्त मूलकं हे त्याचं मोठं कारण, म्हणून कोरड्या बर्फात गोठवून किरण देणं मला अधिक शहाणपणाचं वाटतं. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना जरूर विचारा, हाड कोणत्या पद्धतीने निर्जंतुक केलंय?