बाळ कुणाकडं जात नाही, ते का?

तायांनो, गटाच्या मीटिंगमध्ये एक तक्रार नेहमी कानावर येते. "आठ महिन्यांचं झालं नि कुणाकडं जाईनाच. आधी कुणीही घ्यायचं." लगेच दुसरी म्हणते, "अंगाची सवय लावलीस, आता भोग."

यात सवयीचा दोष नाही. आईचा वास, आवाज बाळ पहिल्या काही दिवसांतच ओळखतं. पण 'आपलं माणूस' ठरायला सहा-सात महिने जातात. मग ते माणूस नजरेआड झालं की रडं, परकं दिसलं की पदरात तोंड. हे वाढीचं लक्षण आहे.

मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९५४-५५ मध्ये आफ्रिकेतल्या युगांडात खेड्यांतल्या घरोघरी जाऊन २८ बाळं पाहिली. तिथल्या आयाही शेतात राबणाऱ्या. बाळांचा जीव आईवर होताच, पण बाप, आजी, मोठी भावंडं यांच्यावरही जडलेला होता. आणखी एक गोष्ट दिसली, मला ती फार आवडते. ज्या आया बाळाच्या बारीकसारीक गोष्टी भरभरून सांगायच्या, त्यांची बाळं जास्त निर्धास्त होती. म्हणजे सगळं लक्ष देण्यावर आहे. खेळणी, पावडर यांचा संबंध नाही.

म्हणून खुरपणीला जाताना बाळ सासूबाईंकडे ठेवलं, तर "ते मला विसरेल" ही भीती नको. दोघींवर जीव जडतो, आईची जागा जात नाही. मात्र रोज सांभाळणारं माणूस शक्यतो तेच असावं. आज शेजारीण, उद्या नणंद, परवा सहा वर्षांची पोर, असं झालं की बाळ बावरतं. (पोरीची शाळा बुडते, ते वेगळंच.)

निघताना नजर चुकवून पळू नका. "येते हं" म्हणा, रडलं तरी सांगूनच जा. नाहीतर आई कधी गायब होईल या धास्तीनं ते जास्तच चिकटतं. संध्याकाळी आल्यावर हातपाय धुऊन आधी त्याला घ्या, चूल दहा मिनिटं थांबेल. घरातल्या पुरुषांनीही घ्यावं, त्यांच्याशीही नातं असंच जुळतं.

बाळंतपणानंतर एखादीला बाळाला घ्यावंसंच वाटत नसेल, रडू येत असेल, नि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर तिला नावं ठेवू नका. हा आजार असू शकतो, त्यावर उपचार आहेत. आशाताईंना सांगा, नाहीतर गटातल्या एकीनं तिच्याबरोबर आरोग्य केंद्रात जा.