जुन्या मोटारीचे सुटे भाग : विकण्याआधी हे जाणून घ्या

बंगळुरू – हेब्बाळ परिसरातील एखाद्या कुटुंबाच्या दारात वीस वर्षांपूर्वीची मारुती ८०० उभी असेल, तर तिचे पुढे काय करावे, हा प्रश्न केव्हातरी पडतोच. पूर्ण मोटारीला भंगारवाला किलोच्या हिशेबाने भाव सांगतो. इंजिनाच्या चांगल्या भागांना मात्र त्याहून अधिक मोल येऊ शकते. हा व्यवहार करताना कायदा, सुरक्षितता आणि पर्यावरण या तिन्ही बाजू पाहणे आवश्यक आहे.

विचार आताच का?

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते. त्यानंतर तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. मोटारीसाठी ६०० रुपये असलेले हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ५ हजार रुपये झाले. वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते २०२५ मध्ये १० हजारांवर गेले. त्यामुळे जुनी गाडी मोडीत काढण्याकडे कल वाढणे स्वाभाविक आहे.

मागणी कोणत्या भागांना?

बंगळुरूमध्ये वाहनांच्या सुट्या भागांसाठी जे. सी. रोड, तर जुन्या भागांसाठी शिवाजीनगरचा गुजरी बाजार प्रसिद्ध आहे. कोल्हापूरकरांना गुजरी म्हटले की सराफ आठवतात. येथे मात्र या शब्दाचा अर्थ जुन्या मालाचा बाजार असा आहे.

स्टार्टर, अल्टरनेटर, कार्ब्युरेटर, गिअरबॉक्स, सिलिंडर हेड आणि क्रँकशाफ्ट हे भाग सुस्थितीत असल्यास पुन्हा वापरता येतात. सिलिंडर झिजला असला, तरी बोअरिंग करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवता येतो. गॅस्केट, पिस्टन रिंग, बेअरिंग, पट्टे आणि फिल्टर मात्र जुने वापरू नयेत. ब्रेकचे जुने भागही टाळलेलेच बरे, कारण तेथील बचत जिवावर बेतू शकते.

मारुती ८०० चे ७९६ सीसीचे इंजिन त्याच घराण्यातील ओम्नी आणि अल्टोमध्येही होते. तरीही कार्ब्युरेटरची आणि इंधन-इंजेक्शनची इंजिने भिन्न असल्याने भाग जुळतो की नाही, याची मेकॅनिककडून खात्री करून घ्यावी. बीएस-४ निकष लागू झाल्याने एप्रिल २०१० पासून बंगळुरू, पुणे, सोलापूर यांसह तेरा शहरांत या मोटारीची विक्री थांबली आणि २०१४ मध्ये उत्पादनही बंद झाले. अशा मोटारी जपणाऱ्यांना जुन्या भागांचाच मोठा आधार असतो.

कागदपत्रांचे महत्त्व

इंजिनाच्या ब्लॉकवर क्रमांक कोरलेला असतो आणि तोच नोंदणी प्रमाणपत्रावर असतो. ब्लॉक विकला, पण नोंदणी तशीच राहिली, तर तो पुढे चोरीच्या वाहनात सापडल्यास चौकशी मूळ मालकापर्यंत येऊ शकते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५५ नुसार वाहन कायमचे निकामी झाल्यास मालकाने चौदा दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवावे लागते. इंजिन बदलल्यास कलम ५२ प्रमाणे त्याची नोंद करून घ्यावी लागते. विक्रीची पावती घ्यावी आणि तीवर इंजिन क्रमांक लिहून घ्यावा. खरेदीदारानेही क्रमांक खोडलेला ब्लॉक घेऊ नये.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत केंद्रात पूर्ण मोटार मोडीत दिल्यास ठेव प्रमाणपत्र मिळते. त्याआधारे नव्या खासगी वाहनाच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे. भाग आधीच काढून घेतल्यास या केंद्रात मिळणारा भाव घटू शकतो. म्हणून दोन्ही हिशेब मांडूनच निर्णय घ्यावा.

तेल गटारात नको

इंजिन उतरवताना सुमारे तीन लिटर जळके तेल निघते. ते गटारात ओतल्यास पावसाच्या पाण्याबरोबर हेब्बाळ तळ्यासारख्या जलाशयात जाऊ शकते. शीतक द्रव चवीला गोड, पण विषारी असतो. तो उघड्यावर राहिल्यास कुत्र्या-मांजरांचा बळी जाऊ शकतो. तेल अधिकृत संकलकाकडे आणि बॅटरी विक्रेत्याकडे परत द्यावी.

निकामी भागही वाया जात नाहीत. आयटीआयमध्ये इंजिनाचे छेद घेऊन विद्यार्थ्यांना त्याची रचना शिकवली जाते. बिडाचे ओतकाम करणाऱ्या कोल्हापूर, बेळगावसारख्या ठिकाणच्या फाउंड्रींसाठी असे भंगार हा कच्चा मालच असतो. जुन्या इंजिनाचे लोखंड अशा रीतीने पुन्हा नव्या यंत्राचा भाग बनते.