चीकनलिका : रचना, विकास आणि संज्ञा

१

मराठीत ‘चीक’ या शब्दाची व्याप्ती मोठी आहे. रुईचे पान तोडले असता ठिबकणारा पांढरा द्रव हा चीक. नुकत्याच व्यालेल्या गाईचे पहिले दाट दूध हाही चीक. गहू भिजवून, वाटून, गाळून कुरडयांसाठी काढलेले सत्त्व तोही चीकच. वनस्पतींपुरते पाहिले तरी फणस, पपई, केळ, शेर आणि आंब्याचा देठ या सर्वांतून निघणारे द्रव भाषेने एकाच नावाखाली आणले आहेत. द्रव दाट वा चिकट आहे एवढ्यावर नाव ठरले. तो कोठून आला, हा प्रश्न व्यवहारात पडण्याचे कारण नव्हते. वनस्पतींच्या शरीररचनेचा अभ्यास मात्र नेमका याच प्रश्नापासून सुरू होतो.

आंब्याच्या देठाचा चीक आणि रुईचा चीक यांत मूलभूत भेद आहे. आंब्यात पेशींच्या दरम्यान लांबट पोकळ्या असतात. त्यांच्या कडेच्या पेशी आपला स्राव त्या पोकळीत सोडतात. ही रचना राळेच्या नलिकांची होय. रुईत अशी पोकळी नसते. तेथे चीक पेशीच्या आतच असतो. किंबहुना तो त्या जिवंत पेशीचा अंतर्द्रवच असतो. म्हणून शास्त्रीय अर्थाने रुई, वड, शेर, पपई, केळ यांचा तो चीक, आंब्याचा नव्हे. नावांच्या साम्यावरून वस्तूंचे नाते जोडण्यातील धोका चिकूच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. चिकूच्या झाडाला विपुल चीक असतो, परंतु ‘चिकू’ हे नाव ‘चीक’वरून आलेले नाही. ते झाड मूळ मध्य अमेरिकेकडील असून, त्याच्या नावाचा उगम तेथील नाहुआत्ल भाषेत आणि तेथून आलेल्या स्पॅनिश शब्दांत आहे. ध्वनी जुळले, वस्तूही जुळली. व्युत्पत्ती मात्र जुळत नाही.

२

चीक असणाऱ्या सपुष्प वनस्पतींची संख्या थोडीथोडकी नाही. सुमारे ४० कुळांतील १२,००० ते २०,००० जातींत तो आढळतो, असा अंदाज केला जातो. ही कुळे परस्परांशी निकट संबंधित नाहीत. अर्थात, चीक निर्माण करणारी ऊतके वनस्पतींच्या इतिहासात अनेक वेळा, स्वतंत्रपणे उद्भवली असली पाहिजेत.

सतराव्या शतकात माल्पिघी आणि ग्रू यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने वनस्पतींची अंतर्रचना तपासली, तेव्हा या नलिकाही त्यांच्या नजरेस आल्या. प्राण्यांच्या शरीरातील रक्ताभिसरणाचे ज्ञान त्या काळी नवे होते, आणि त्याची उपमा वनस्पतींना लावण्याचा मोह स्वाभाविक होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मन शास्त्रज्ञ कार्ल हाइन्रिख शुल्ट्स याने या उपमेचा सिद्धान्तच केला. चीक हा वनस्पतीचा जीवनरस असून तो रक्ताप्रमाणे नलिकांतून अभिसरण करतो, असे त्याचे प्रतिपादन होते. ह्यूगो फॉन मोल आदींनी दाखवून दिले की, शुल्ट्सला दिसलेली हालचाल अभिसरणाची नसून जखमेमुळे होणाऱ्या स्रवणाची होती. नलिकेत चीक दाबाखाली साठलेला असतो. ती कापली की दाब उतरतो आणि द्रव कापाकडे धावतो. अखंड वनस्पतीत असे चक्राकार वहन होत नाही.

‘दूध’ ही दुसरी उपमाही तितकीच फसवी आहे. संस्कृतात वड, पिंपळ, उंबर, पायर यांना क्षीरवृक्ष म्हटले आहे, आणि रुईच्या चिकाला मराठीत दूधही म्हणतात. दूध हे पोषणासाठी असते. चिकातील रबर मात्र एकदा तयार झाले की झाड ते अन्न म्हणून पुन्हा वापरत नाही. चिकाचे मुख्य कार्य संरक्षणाचे आहे, असे आज मानले जाते. याचा एक बोलका पुरावा कीटकांनीच दिला आहे. चीक असलेल्या वनस्पतींवर जगणाऱ्या काही अळ्या पान खाण्यापूर्वी त्याच्या शिरा कुरतडतात. चीक तेथेच वाहून जातो, पुढील भागातील दाब उतरतो, आणि मग ती अळी निर्धास्तपणे पानाचा टोकाकडील भाग खाते. ड्यूसूर आणि आयस्नर यांनी १९८७ मध्ये या वर्तनाचे विवेचन केले.

३

द्रवावरून नाव देण्याची पद्धत सोडून विकासावरून वर्गीकरण करण्याचे श्रेय प्रामुख्याने आंटोन द बारी याला दिले जाते. १८७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने या नलिकांचे दोन प्रकार मांडले : सांधे असलेल्या आणि सांधे नसलेल्या. हे विभाजन अद्याप आधारभूत मानले जाते.

पहिल्या प्रकारात नलिका अनेक पेशींची बनते. पेशी टोकाला टोक लावून रांगेत उभ्या राहतात. काही वनस्पतींत त्यांमधील आडभिंती कायम राहतात व नलिकांच्या रांगा एकमेकींशी जोडल्या जात नाहीत; केळ, चिकू, कांदा आणि रताळे ही याची परिचित उदाहरणे होत. अन्य काहींत आडभिंतींना छिद्रे पडतात किंवा त्या विरून जातात, आणि शेजारच्या रांगाही बाजूच्या भिंती फोडून परस्परांत मिळतात. अशा रीतीने नलिकांचे सलग जाळे तयार होते. पपई, अफू आणि रबराचे झाड यांत असे जाळे आढळते.

रबराच्या झाडाचा, म्हणजे अमेझॉन खोऱ्यातील हेवियाचा, अभ्यास त्याच्या आर्थिक महत्त्वामुळे विशेष बारकाईने झाला आहे. या झाडाच्या सालीत, अन्न वाहून नेणाऱ्या परिकाष्ठ ऊतकात, चीकनलिका असतात. लाकूड व साल यांच्या मधील ऊतककर हा विभाजनशील थर ठरावीक अंतराने नलिका होणाऱ्या पेशींचा एकेक वेढा बाहेरच्या बाजूस टाकत जातो. एका वेढ्यातील नलिका आपसांत जोडलेल्या असतात. दोन वेढ्यांमध्ये मात्र सहसा जोड नसतो. म्हणून किती चीक मिळणार हे वेढ्यांच्या संख्येवर बरेचसे अवलंबून असते. नलिका अगदी सरळ उभ्या नसून वर जाताना किंचित उजवीकडे कललेल्या असतात. साल कापताना काप डावीकडे वर व उजवीकडे खाली असा तिरपा घेतला जातो, तो अधिकाधिक नलिका छेदल्या जाव्यात म्हणूनच. हे काम पहाटे करण्याचे कारणही रचनेतच आहे : रात्री झाडातील पाण्याचा तुटवडा भरून निघतो आणि नलिकांतील दाब सर्वाधिक होतो. काप ऊतककरापर्यंत पोचू देत नाहीत, कारण नवी साल आणि नव्या नलिका त्यातूनच निर्माण व्हायच्या असतात.

कापातून वाहणारा द्रव हा पेशीद्रवच असला, तरी नलिका त्यामुळे मरत नाही. केंद्रके बहुतांशी भिंतीला लागून मागे राहतात, आणि नलिका पुन्हा चीक तयार करू लागते. द्रवाबरोबर वाहणाऱ्या ‘ल्यूटॉइड’ नावाच्या सूक्ष्म पिशव्या कापाजवळ फुटतात, त्यांतील द्रव्यांमुळे रबराचे कण साकळतात आणि काप बंद होतो.

४

दुसऱ्या प्रकाराची कथा निराळी आहे. येथे पेशी एकमेकींना मिळत नाहीत. एकच पेशी वाढत राहते. बीजातील गर्भ अजून लहान असतानाच, बीजदले जेथे अक्षाला मिळतात त्या पेऱ्यापाशी, मोजक्या पेशी इतरांपासून वेगळ्या होतात. कण्हेरीच्या गर्भावरील माल्बर्ग याच्या १९६१ च्या अभ्यासात अशा २८ आद्यपेशी आढळल्या. पुढे खोड, मुळे व पाने यांत पसरणारे शाखांचे जाळे या आद्यपेशींच्याच वाढीतून होते. त्यांची टोके भोवतालच्या पेशींच्या मधून वाट काढीत पुढे सरकतात. केंद्रकांचे विभाजन होत राहते, परंतु मध्ये भिंत पडत नाही. त्यामुळे एकाच पेशीत असंख्य केंद्रके जमा होतात. झाड जितके वाढेल तितकी ही पेशीही वाढते, आणि ती काही मीटर लांबीची होऊ शकते. कण्हेर, शेर, निवडुंग, वड आणि उंबर यांच्या नलिका शाखायुक्त असतात. भांगेत त्या बिनशाखेच्या राहतात.

शेर आणि रबराचे झाड ही दोन्ही एरंड कुलातीलच. परंतु एकाची नलिका एका पेशीची, तर दुसऱ्याची अनेक पेशींची. चिकाच्या रंगावरून, दाटपणावरून किंवा वनस्पतींच्या नात्यावरूनही नलिकेचा प्रकार निश्चित सांगता येत नाही, हे यावरून स्पष्ट होईल.

५

येथे संज्ञांचा प्रश्न उपस्थित होतो. द बारीच्या शब्दांचे मराठीत ‘सांधित’ आणि ‘असांधित’ असे शब्दशः रूपांतर करता येते. परंतु रबराच्या झाडातील पक्व नलिकेत सांधे शोधणाऱ्या विद्यार्थ्याला ते सहसा सापडत नाहीत. आडभिंती विरून गेलेल्या असतात. म्हणजे ‘सांधित’ नलिकेत सांधा दिसत नाही, आणि पक्वावस्थेत ती ‘असांधित’ नलिकेसारखीच भासते. संज्ञा अवस्थेचे वर्णन करते, भेद मात्र उत्पत्तीचा आहे. म्हणून ‘बहुपेशीजन्य’ आणि ‘एकपेशीजन्य’ ही विशेषणे अधिक अर्थवाही ठरतात. काय पाहावे आणि केव्हा पाहावे, हे ती एकदमच सांगतात. त्याचप्रमाणे ‘क्षीरवाहिनी’ यासारख्या शब्दात दूध आणि वहन या दोन्ही जुन्या उपमा दडलेल्या आहेत. ‘चीकनलिका’ या साध्या शब्दात त्या नाहीत.

हा केवळ शब्दांचा काटेकोरपणा नव्हे. करवीर आणि रुई यांच्या कुलांतील नलिका दीर्घकाळ एकपेशीजन्य समजल्या जात होत्या. २००६ मध्ये ब्राझीलमधील संशोधकांनी या गटातील काही जातींची वाढती टोके तपासली, तेव्हा तेथे पेशींच्या रांगा व त्यांमधील भिंती विरण्याची क्रिया आढळून आली. भिंती इतक्या लवकर नाहीशा होतात की, थोड्या उशिरा घेतलेल्या छेदात त्यांचा मागमूसही राहत नाही. त्यानंतर या कुलांतील जुन्या नोंदी पुन्हा तपासण्याची आवश्यकता निर्माण झाली आहे.

यातून संज्ञेच्या वापराचा एक नियम निघतो. ज्या वनस्पतीचा गर्भ आणि वाढती टोके तपासलेली आहेत, तिच्या नलिकेला बहुपेशीजन्य वा एकपेशीजन्य म्हणावे. ज्या वनस्पतीचा पक्व छेदच काय तो पाहिलेला आहे, तिच्या बाबतीत ‘चीकनलिका’ एवढेच म्हणून थांबावे. शुल्ट्सच्या काळी नावाने निरीक्षणाला वाट चुकवली. पुराव्यापेक्षा अधिक न बोलणारे नाव निदान तो दोष टाळते, आणि पुढील अभ्यासकाला प्रश्न उघडा आहे याची जाणीव देते.