गोल वीज पेटती राहते कशावर?

वादळी पावसात, जवळपास वीज पडल्यावर, कधी कधी जमिनीलगत प्रकाशाचा एक गोळा दिसतो. बहुतेक वेळा तो दहा ते तीस सेंटिमीटर व्यासाचा असतो. रंग पिवळा, तांबूस किंवा निळसर. तो हवेत तरंगतो, आडवा सरकतो आणि काही सेकंदांनी मुकाट विझतो, नाहीतर मोठा आवाज करून फुटतो. हीच गोल वीज. शेकडो वर्षांपासून लोक ती पाहत आले आहेत, तरी तिचं कोडं पुरतं सुटलेलं नाही. ते कोडं नेमकं कुठे अडलं आहे, ते आपण पायरीपायरीने पाहू.

आधी नेहमीची वीज. उंच ढगात बर्फाचे स्फटिक आणि मऊ गारा एकमेकांवर आदळतात, त्यातून विद्युतभार वेगळे होतात. बहुधा वरच्या भागात धनभार साठतो, खालच्या भागात ऋणभार. साठा फार वाढला की हवा त्याला अडवू शकत नाही. ढग आणि जमीन यांच्यात एक अरुंद वाट तयार होते आणि तिच्यातून हजारो अँपिअरचा प्रवाह धावतो. त्या वाटेतली हवा सुमारे ३०,००० अंशांपर्यंत तापते. सूर्याच्या पृष्ठभागाच्या तापमानाच्या हे पाचपट झालं!

इतक्या उष्णतेने हवेच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात. अशा वायूला प्लाझ्मा म्हणतात. सुटे इलेक्ट्रॉन पुन्हा अणूंना जाऊन मिळतात तेव्हा प्रकाश बाहेर पडतो. प्रवाह थांबला की हे सगळं क्षणात आटोपतं, म्हणून वीज चमकून लगेच मावळते.

उधना, लिंबायत, डिंडोलीच्या मराठी मुलांनो, प्लाझ्माचा गोळा तर तुमच्या सुरतेत रात्रंदिवस पेटलेला असतो. सुरत हिऱ्यांना पैलू पाडण्यासाठी जगभर प्रसिद्ध आहेच. आता इथे प्रयोगशाळेत हिरे वाढवलेही जातात. त्यासाठी धातूच्या बंद पात्रातली हवा काढून हायड्रोजन आणि थोडा मिथेन वायू भरतात. मग आत मायक्रोवेव्ह लहरी सोडतात. स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये असतात त्याच जातीच्या, पण कितीतरी जोरकस. वायूचा प्लाझ्मा होतो आणि हिऱ्याच्या पातळ चकत्यांवर एक झगमगता गोळा स्थिरावतो. पात्राच्या छोट्या काचेतून तो दिसतो. मिथेनमधला कार्बन थराथराने चकत्यांवर बसत जातो, तासाला जेमतेम काही मायक्रॉन. म्हणून हिरा वाढायला आठवडे लागतात, आणि तेवढा सगळा काळ लहरी चालू ठेवाव्या लागतात. लहरी बंद केल्या की गोळा तत्क्षणी गायब!

आता कोड्याची गाठ सापडली. सुरतेच्या गोळ्याला सतत ऊर्जा मिळते. गोल विजेला ती कोण देतं?

हा प्रश्न रशियन शास्त्रज्ञ प्योत्र कापित्सा यांनी १९५५ साली नेमका मांडला. बाहेरून ऊर्जा मिळाली नाही, तर दहा सेंटिमीटरचा तप्त गोळा सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत विझायला हवा, असा त्यांचा हिशेब होता. गोल वीज मात्र कित्येक सेकंद टिकते. म्हणून त्यांनी सुचवलं, की वादळातच रेडिओ लहरी तयार होत असतील आणि गोळा त्यांच्यावर जगत असेल. कल्पना सुरतेच्या यंत्रासारखीच आहे. अडचण अशी, की एवढ्या जोरकस लहरी वादळात कुणाला मोजता आलेल्या नाहीत.

दुसरं उत्तर सांगतं, की ऊर्जा गोळ्याच्या आतच असते. वाळूत सिलिकॉन आणि ऑक्सिजन असतात. वीज पडल्यावर मातीतला कार्बन त्यातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि सिलिकॉनची वाफ होते. ती निवली की तिचे अतिसूक्ष्म कण जमतात आणि हवेत सावकाश जळत राहतात. न्यूझीलंडच्या जॉन अब्राहमसन आणि जेम्स डिनिस यांनी २००० साली हा विचार मांडला. पुढे चीनच्या चिंगहाई पठारावर २०१२ साली वेगळीच संधी चालून आली. शास्त्रज्ञांनी साध्या विजेच्या अभ्यासासाठी कॅमेरे लावले होते. सुमारे ९०० मीटरवर वीज पडली आणि तिथे गोल वीज उमटली. तिच्या प्रकाशाचं पृथक्करण केल्यावर सिलिकॉन, लोह आणि कॅल्शियम यांच्या खुणा सापडल्या. हे तिन्ही मातीतलेच घटक!

तरीही गाठ पुरती सुटत नाही. १९६३ साली शास्त्रज्ञ रॉजर जेनिसन न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला निघालेल्या विमानात बसले होते. वादळात विमानाभोवती विजेचा लखलखाट झाला आणि काही सेकंदांनी वैमानिकाच्या कक्षातून वीतभर व्यासाचा निळसर-पांढरा गोळा निघाला. दोन्हीकडच्या आसनांमधल्या वाटेने तो सरळ मागे गेला. विमानात माती कुठून येणार?

तिसरं उत्तर म्हणजे तो भास असावा. जवळच्या विजेच्या चुंबकीय परिणामाने मेंदूला नसलेला उजेड दिसू शकेल, असं ऑस्ट्रियातल्या शास्त्रज्ञांनी २०१० साली गणिताने दाखवलं. काही प्रसंगांत तसं होतही असेल. पण कॅमेऱ्याला भास होत नाही. त्यामुळे गोल विजेचे एकाहून अधिक प्रकार असण्याचीही शक्यता आहे.

गोल वीज शोधायला वादळात बाहेर मात्र पडू नका. साधी वीजही जीव घेते. गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात जा, झाडाखाली थांबू नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपास वीज पडण्याचा धोका असेल तर सावध करतं. ते घरातल्या मोठ्यांच्या फोनवर असू द्या. ओव्हनशी खेळून गोळा बनवायचा प्रयत्नही नको.

आणि घरात बसल्या बसल्या असा गोळा दिसलाच, तर त्याच्याजवळ न जाता मनात सेकंद मोजा. मग वहीत लिहा: आधी वीज पडली होती का, गोळा केवढा होता, कुठल्या दिशेने गेला, कसा संपला. पण सगळ्यांत वर तो किती सेकंद टिकला ते लिहा. कारण जितका तो जास्त टिकेल, तितकी जास्त ऊर्जा त्याला कुठून तरी मिळालेली असणार, आणि ती कुठून मिळते हेच तर शोधायचं आहे.